कर्ट बार्बोसाची कारकीर्द: आधी 50-49, मग 26-6

कट्टेकरी
फिलिपिन्सच्या कर्ट बार्बोसाचं नाव इथे फार जणांनी ऐकलं असेल असं वाटत नाही. टोकियो ऑलिम्पिकला त्या देशातून तायक्वांदोसाठी गेलेला हा एकटा गडी. उत्तर लुझॉनमधल्या आब्रा प्रांतातल्या बांगेडचा. आशियाची पात्रता स्पर्धा मे 2021 मध्ये जॉर्डनला, अम्मानमध्ये झाली. वजनगट 58 किलो. अंतिम फेरी गाठणारे दोघेच टोकियोला जाणार, म्हणजे तिकिटाची खरी लढत उपांत्य फेरीची. समोर यजमानांचा झैद अल-हलावानी, अव्वल मानांकित. बार्बोसाने ती लढत अगदी शेवटच्या सेकंदांत 50-49 अशी खेचून आणली.

दोन महिन्यांनी टोकियोत पहिल्याच फेरीत कोरियाचा जांग जून. 26-6. खेळ खलास.

आता प्रश्न. अशा खेळाडूला आपण काय म्हणायचं? दर ऑलिम्पिकनंतर आपल्याकडे पहिल्या फेरीत हरलेल्यांना "फिरायला गेले होते" असा शेरा बसतो. माझं मत असं की बार्बोसाची कारकीर्द अम्मानवरून मोजावी, टोकियोवरून नव्हे. तुमचं?

ढुड्ढाचार्य
50-49? हा तायक्वांदोचा स्कोअर आहे की कबड्डीचा?

गोटीसोडा
फिलिपिन्स म्हटल्यावर बास्केटबॉलचाच असणार :)

निवृत्त पंच
ढुड्ढाचार्य, प्रश्न रास्त आहे. सांगतो.

टोकियोपर्यंत हिशेब असा होता: छातीवर ठोसा 1 गुण, छातीवर लाथ 2, डोक्यावर 3. गिरकी घेऊन मारलेली लाथ छातीवर बसली तर 4, डोक्यावर बसली तर 5. रिंगणाबाहेर गेलात, पडलात, धरलंत तर गाम-जोम, म्हणजे दंड, आणि समोरच्याला 1 गुण. दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, गुण तिन्ही फेऱ्यांचे मिळून.

म्हणजे अम्मानच्या त्या लढतीत 6 मिनिटांत 99 गुण झाले. साधारण दर साडेतीन सेकंदांना एक. पंचाचं "कल्यो" (थांबा) म्हणून होईपर्यंत फलक बदललेला. अशा लढतीत दोघांनीही बचाव सोडून दिलेला असतो, नाहीतर आकडा तिथवर जातच नाही. मागे पडलेला माणूस गिरकी आणि डोकं यांच्यामागे लागतो, कारण दोन-दोन गुणांनी भरपाई होत नाही. पुढे असलेला पळतो, पळताना रेषेबाहेर पाय जातो, पुन्हा एक गुण.

लाथांचे गुण मोजतं यंत्र. पायात सेन्सर लावलेला मोजा, चेस्ट गार्डमध्ये सेन्सर, हेल्मेटमध्येही. जोर पुरेसा बसला तरच गुण. माझ्या वेळी कोपऱ्यातले पंच बटण दाबायचे आणि मग दोन्हीकडचे पालक आमच्यावर धावून यायचे.

रामभरोसे
धागाकर्त्यांशी असहमत. 26-6 म्हणजे धुलाई. अम्मानला जिंकला, अभिनंदन, पण ऑलिम्पिक ही परीक्षा आहे आणि परीक्षेत नापास तो नापास. उगाच भावनेचा मुलामा कशाला? प्रवेश मिळाला म्हणून कुणाला डॉक्टर म्हणत नाहीत.

डाव्होवाली आई
प्रवेश मिळाला की आमच्या सोसायटीत म्हणतात हो डॉक्टर! लेक फिलिपिन्समधल्या डाव्होला एमबीबीएसच्या तयारीला गेली त्या दिवसापासून शेजारणी गुडघे दाखवायला येतात.

रामभरोसे
😄 माघार. उदाहरण मागे, मत कायम.

वैजू
रामभरोसे, जांग जून कोण होता ते तरी बघा. 2019 चा जगज्जेता, त्या गटात जगात पहिल्या क्रमांकावर. पात्रता स्पर्धेतून धडपडत आलेल्याची गाठ पहिल्या फेरीत मानांकितांशीच पडते, त्यासाठीच तर मानांकन असतं.

आणि मला खरी गंमत (की चीड?) वाटते ती रेपेचाजची. तुम्हाला ज्याने हरवलं तो अंतिम फेरीत गेला तरच तुम्हाला कांस्यपदकासाठी पुन्हा संधी. जांग जून अंतिम फेरीत जाणार हे जवळजवळ सगळेच धरून चालले होते. उपांत्य फेरीत तो ट्युनिशियाच्या जेंदूबीकडून हरला आणि बार्बोसाचं दार तिथेच बंद. स्वतः काही न करता दुसऱ्यांदा हरला बिचारा.

कोल्हापुरी रस्सा
वैजूताई, हे आम्हा कुस्तीवाल्यांना सांगायला नको. 2008 ला बीजिंगमध्ये सुशील कुमार पहिलीच कुस्ती युक्रेनच्या स्टॅडनिककडून हरला होता. स्टॅडनिक अंतिम फेरीत गेला म्हणून सुशील परत मॅटवर आला आणि कांस्य घेऊन गेला. स्टॅडनिक मध्येच हरला असता तर आज सुशीललाही लोक "फिरायला गेला होता" म्हणाले असते. रिओत साक्षी मलिकचं पदकही रेपेचाजचंच.

वैजू
अगदी! फिलिपिन्सचंच उदाहरण द्यायचं तर कर्स्टी एलेन अलोरा. रिओ 2016, महिलांचा 67 किलोवरचा गट. पहिल्या फेरीत मेक्सिकोच्या मारिया एस्पिनोझाकडून हरली, पण एस्पिनोझा अंतिम फेरीत पोचली, म्हणून अलोराला रेपेचाज मिळालं. तिथे मोरोक्कोच्या विआम दिस्लामने हरवलं. दोघांचाही एकच देश, एकच खेळ, दोघेही पहिल्या फेरीत बाद. एकीला दुसरी लढत मिळाली, दुसऱ्याला नाही, आणि त्याचा या दोघांच्या खेळाशी काडीचा संबंध नाही.

निवृत्त पंच
अलोराचा विषय निघालाच आहे तर वजनगटांबद्दल बोलतो. हा मुद्दा कळल्याशिवाय 26-6 कळणार नाही.

जागतिक स्पर्धेत पुरुषांचे आठ आणि महिलांचे आठ वजनगट असतात. ऑलिम्पिकमध्ये चार-चारच. पुरुषांचा सगळ्यात खालचा गट 58. बार्बोसाने 2019 च्या सी गेम्समध्ये, म्हणजे आग्नेय आशियाई स्पर्धेत, घरच्या मैदानावर जे सुवर्ण घेतलं ते 54 किलोत. ऑलिम्पिकला 54 नाहीच. म्हणजे त्याला वर सरकून अशा पोरांशी खेळावं लागतं जे वजन उतरवून 58 ला आलेले असतात. जांग जून उंच, पाय लांब. आजच्या तायक्वांदोत पुढचा पाय उचलून धरायचा आणि समोरच्याला आत येऊच द्यायचं नाही, हीच निम्मी लढत. आखूड पायाच्या पोराला आत शिरावं लागतं आणि शिरताना खावं लागतं. अलोराची गोष्ट त्याच चालीची. वरच्या गटाला वरची मर्यादाच नाही, समोर कोण धिप्पाड येईल सांगता येत नाही.

आमच्या ठाण्याच्या क्लासमध्ये दरवर्षी हे दिसतं. वजनाच्या सकाळी पोरं जर्किन घालून जिन्यावर पळत असतात, काटा दाखवला की चड्डीवर येऊन श्वास रोखून उभी राहतात. 200 ग्रॅमसाठी एकाला आईने केस कापायला नेलेलं मी पाहिलंय.

आणि हो, दुसऱ्या फेरीनंतर 20 गुणांचा फरक पडला की लढत थांबवायची असा तेव्हाचा नियम. 26 वजा 6 किती ते बघा. तो आकडा "आणखी किती खाल्ले असते" हे सांगतच नाही, आणि "पुढे काय करू शकला असता" हेही नाही.

रामभरोसे
पंच, माहिती उत्तम, निष्कर्ष पटत नाही. गट सगळ्यांना तेच आहेत. टोकियोत सुवर्ण घेणारी थायलंडची पानीपाक वोंगपत्तनकित पण आग्नेय आशियाचीच ना?

मनीलाकर
उशिरा आलो. नोकरीनिमित्त मनीलात बरीच वर्षं आहे, दोन्ही पोरं इथेच तायक्वांदो शिकली, म्हणून चार गोष्टी लिहितो.

इथे बास्केटबॉल हा धर्म आहे हे गोटीसोडा यांनी बरोबर ओळखलं. गल्लीत गाडी लावायला जागा नसते पण बास्केट लटकवलेलं असतं. त्यानंतर लहान मुलांच्या क्लासचा खेळ म्हणजे तायक्वांदो. मॉलमध्ये एका बाजूला आइस्क्रीम, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कपड्यांतली पन्नास पोरं ओरडत लाथा मारतायत, हे रविवारचं नेहमीचं चित्र. खेळ इथे रुजवला तो कोरियातून आलेल्या होंग सुंग-चोन यांनी, सत्तरच्या दशकात. 1995 ची जागतिक स्पर्धा मनीलातच झाली होती. तेव्हा हा काही अचानक उगवलेला देश नाही.

इथल्या मागच्या पिढीचा हिरो मोन्सूर देल रोसारिओ. 1988 च्या सोल ऑलिम्पिकला खेळला, मग मारधाडीच्या सिनेमांत आला, पुढे मकाती शहरातून खासदार झाला. त्यानंतर 1992 ला बार्सिलोनात स्टीफन फर्नांडेझ आणि बेया लुसेरो यांनी कांस्यपदकं जिंकली. बेया तर आधी जिम्नॅस्ट होती. पण 1988 आणि 1992 ला तायक्वांदो प्रदर्शनीय खेळ होता, त्यामुळे ती पदकं अधिकृत यादीत धरतच नाहीत. 2000 पासून खेळ पदकाचा झाला आणि तेव्हापासून फिलिपिन्सची पाटी कोरी. म्हणजे जिंकले तेव्हा मोजत नव्हते, मोजायला लागले तेव्हा जिंकेनात. मेरी अँटोनेट रिव्हेरो 16 वर्षांची असताना अथेन्सला गेली, मग बीजिंगलाही. श्योमली गो तसाच दोनदा. लायक माणसं होती, पदक नाही आलं.

बार्बोसाबद्दल: तो नॅशनल युनिव्हर्सिटीचा. इथे विद्यापीठांच्या स्पर्धेला प्रचंड महत्त्व, खेळाडूला शिक्षण त्यातूनच मिळतं. महासाथीत सगळं बंद पडलं तेव्हा 2021 च्या सुरुवातीला बॉक्सर, कराटेवाले आणि तायक्वांदोवाले यांना कालांबाच्या अकादमीत एकत्र कोंडून सराव सुरू केला. त्याआधी घरातल्या घरात. समोर माणूस नसताना तायक्वांदोचा सराव करायचा म्हणजे काय ते पंच सांगतील.

निवृत्त पंच
हवेत लाथा. पाय चालू राहतो, अंतराचा अंदाज जातो. तो परत यायला वेळ लागतो.

अबोली 7
रामभरोसेंचा पानीपाकचा मुद्दा मात्र सोडू नका. योगायोग बघा: 24 जुलै 2021, मकुहारी मेस्से हॉलमध्ये प्रेक्षकांविना त्याच दिवशी बार्बोसा हरला आणि पानीपाकने 49 किलोत सुवर्ण घेतलं. तेही शेवटच्या काही सेकंदांत, स्पेनच्या सेरेझोविरुद्ध 11-10. मग पॅरिसला पुन्हा सुवर्ण.

फरक कुठे पडला? थायलंडने 2002 पासून एकच कोरियन प्रशिक्षक ठेवला, चोई यंग-सोक. वीस वर्षं तोच माणूस, शेवटी त्याने थाई नागरिकत्वही घेतलं. एका पिढीने पदक आणलं की पुढची पिढी त्याच्याच हाताखाली. मला वाटतं बार्बोसाला दोष देण्यापेक्षा याकडे बघावं.

रामभरोसे
हे पटलं. पण म्हणजे धागाकर्त्यांचं म्हणणंही पडलं ना? अम्मानवरून मोजा म्हणजे एका चमकदार लढतीवरून मोजा. थायलंडने नेमकं तेच केलं नाही.

वैजू
देशाचं मोजमाप वेगळं आणि माणसाचं वेगळं. तुम्ही दोन्ही एकाच तराजूत घालताय.

ढुड्ढाचार्य
पैशाचं काय तिथे? आपल्यासारखं पोलीस, रेल्वे वगैरे?

मनीलाकर
सैन्यदलात भरती करून घेतात. हिडिलिन डियाझ हवाई दलात आहे, बार्बोसा हरल्यावर दोनच दिवसांनी देशाचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण आणलं तीच वेटलिफ्टर. शिवाय 2015 चा कायदा आहे. ऑलिम्पिक सुवर्णाला सरकारकडून 1 कोटी पेसो, रौप्याला 50 लाख, कांस्याला 20 लाख. सी गेम्सच्या सुवर्णाला 3 लाख. त्या तक्त्यात पात्रता लढत 50-49 ने जिंकण्याला रकाना नाही.

म्हणूनच इथल्या खेळाडूंना सी गेम्स सोडवत नाहीत. घरभाडं त्याच्यावर निघतं, ऑलिम्पिकवर नाही. 54 किलोत राहिलास तर पदक आणि 3 लाख. 58 ला गेलास तर ऑलिम्पिकची शक्यता, आणि समोर जांग जून. तुम्ही काय निवडाल?

गोटीसोडा
मी 85 ला आहे, मला कुणी विचारत नाही.

कोल्हापुरी रस्सा
तुम्ही 80 वरच्या गटात. वर मर्यादाच नाही, निवांत जेवा.

बंड्याचा बाप
विषयाला थोडा धरून, थोडा सोडून. आमचा बंड्या सहावीपासून तायक्वांदो खेळतो. पोरगा राज्य स्पर्धेत तिसरा आला, मोठं प्रमाणपत्र मिळालं, फ्रेम केली. दहावीला क्रीडा गुणांसाठी शाळेत नेलं तर कळलं की ही संघटना ग्राह्य नाही, दुसरी ग्राह्य आहे. क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले केस चालू आहे. पोराने लाथा कोणाला मारल्या, गुण कोणाचे धरायचे!

तायक्वांदो पदकाचा खेळ झाल्यापासून आपला एकही खेळाडू ऑलिम्पिकला पात्र ठरलेला नाही. तेव्हा 26-6 ला हसायच्या आधी आपण त्या हॉलच्या दारात तरी पोचलोय का ते बघावं.

निवृत्त पंच
बंड्याच्या बाबांना एवढंच सांगेन: पुढच्या वेळी नाव नोंदवायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन यादी बघा. सरांच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मी स्वतः सर आहे म्हणून सांगतोय.

डाव्होवाली आई
मनीलाकर, अवांतर विचारते. तिथे शाकाहारी डबा मिळतो का हो? लेक म्हणते भातावर जगतेय.

मनीलाकर
ताई, डाव्होत भारतीय विद्यार्थी इतके आहेत की मेस मिळेल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भेंडी, वांगी, दुधी बाजारात सगळं असतं. फक्त भाजीत कोळंबीची चटणी नाही ना हे आधी विचारायला सांगा.

वैजू
धागा कोळंबीवर पोचला, म्हणजे शंभरी गाठणार.

एक राहिलं. टोकियो पॅरालिम्पिकचा, फिलिपिन्सचाच आलेन गनापिन. पॅरा-तायक्वांदोत पहिल्यांदाच पदकं होती, हाही अम्मानमधूनच पात्र झाला, आणि निघायच्या तोंडावर कोविडची चाचणी पॉझिटिव्ह. गेलाच नाही. मग पुन्हा तयारी, आणि 2024 ला पॅरिसला खेळला. त्याच टोकियोत आपली अरुणा तंवर खेळली होती. रामभरोसेंच्या परीक्षेत गनापिनला काय देणार? गैरहजर?

रामभरोसे
गनापिनला सलाम. पण एक स्पष्ट करतो, मी बार्बोसाला वाईट खेळाडू म्हटलेलं नाही. मी म्हटलं निकाल हा निकाल. त्याला स्वतःलाही तसंच वाटत असेल असा माझा अंदाज. खेळाडूला दयेचे गुण आवडत नाहीत.

कट्टेकरी
सगळ्यांचे आभार, मी विचारलं त्यापेक्षा बरंच मिळालं. दयेचा मुद्दा मला मान्य आहे, रामभरोसे. पण मनीलाकरांनी 54 आणि 58 चं जे लिहिलं त्यानंतर माझं मत आणखी पक्कं झालं. 54 मध्ये सुवर्ण खिशात असताना त्याने वरच्या गटात जाऊन यजमानांच्या अव्वल पोराला त्याच्याच घरात हरवलं. टोकियोत हरला तोही त्याच निवडीमुळे. 26-6 ला नापास म्हणायचं तर 50-49 ला पण त्याच प्रगतिपुस्तकात जागा द्या.

निवृत्त पंच
कट्टेकरी, ती जागा आता कायमची राहणार आहे. 2022 पासून नियम बदलला. आता प्रत्येक फेरी स्वतंत्र, तीनपैकी दोन जिंकायच्या. पहिली फेरी 15-2 ने हरलात तरी दुसरी शून्यापासून सुरू. त्यामुळे 50-49 असा स्कोअर आता लागूच शकत नाही.

रामभरोसे
नवा नियम बरा की मग. एका फेरीत बुडालेला माणूस सावरतो.

निवृत्त पंच
सावरतो, पण दुसरीकडे एका फेरीत तुम्ही कितीही धो-धो गुण केलेत तरी पुढच्या फेरीत त्याचा उपयोग शून्य. अम्मानला नवा नियम असता तर बार्बोसाने फेऱ्या कशा वाटून घेतल्या असत्या देव जाणे. मला विचाराल तर जुना नियम निडर खेळाडूचा होता, नवा हिशेबी खेळाडूचा आहे.

अबोली 7
पंच, याच्याशी असहमत. नव्या नियमात शेवटच्या दहा सेकंदांचं थरारनाट्य एका लढतीत तीनदा बघायला मिळतं. प्रेक्षक म्हणून मला हाच आवडतो.

निवृत्त पंच
प्रेक्षक म्हणून ठीक. खुर्चीत बसलेला प्रशिक्षक म्हणून रक्तदाबाची गोळी तीनदा घ्यावी लागते.

ढुड्ढाचार्य
अम्मानची लढत सापडली, बघितली. दोघंही शेवटी उभे कसे राहिले हेच कळेना. वेळ संपल्यावर फलक दाखवतात तिथे थांबवून परत बघा.